वाघाची वाट

नांदेडच्या महानगरपालिकेच्या फलकावर ‘नांदेड-वाघाळा’ असे जोडनाव लिहिलेले असते. ही महापालिका सन १९९७ मध्ये स्थापन झाली, आणि त्याच वर्षी पैनगंगेच्या पलतीरावर, यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळच्या सागवनाला शासनाने टिपेश्वर अभयारण्य म्हणून संरक्षण दिले. शहराची हद्द वाढविणारा एक हुकूम आणि जंगलाची हद्द कायम करणारा दुसरा हुकूम एकाच साली निघावा, हा योगायोग होय. परंतु गेल्या काही वर्षांत त्या जंगलातून निघालेले वाघ आमच्या मराठवाड्याच्या शिवारांतून, नाल्याओढ्यांच्या आश्रयाने, रात्रीच्या रात्री चालत पार बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पोहोचले, तेव्हापासून या दोन हुकमांच्या मधला जो विस्तीर्ण मुलूख, त्यातून जाणाऱ्या त्या जनावराचा वाली कोण, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याचाच शोध घ्यावा म्हणून गेल्या वैशाखात मी लातूरहून निघालो.

लातूरचा मनुष्य वाघाच्या शोधात निघाला, याचे घरच्यांना नवल वाटले, आणि त्यांचे नवल अगदीच अनाठायी नव्हते. आमच्या जिल्ह्यात वनाखालची जमीन एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याच्याही आत आहे. वडवळ नागनाथचे वनौषधींचे बेट, उदगीरकडचे हत्तीबेट आणि इकडेतिकडे उरलेली गायराने सोडली तर डोळ्यांत भरेल असे रान आमच्याकडे नाही. ज्या लातूरला सन २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले, त्या लातूरने वाघाची गोष्ट कोणत्या तोंडाने काढावी, असेही कोणी विचारील. माझ्या बालपणी आम्हांला वाघ भेटे तो मोहरमच्या दिवसांत. पिवळ्या रंगाने अंग माखलेला, त्यावर काळे पट्टे ओढलेला, कमरेला काथ्याची शेपटी बांधलेला एक मनुष्य ताशाच्या ठेक्यावर गल्लीतून झेपा टाकीत येई. नवसाचा वाघ तो. हिंदूंच्या घरांतूनही त्याच्या पायांवर पाण्याची घागर रिकामी होई, आणि आयाबाया त्याच्यापुढे लहान लेकरे धरीत. निजामी अंमलात रुजलेली ही चाल आता पुष्कळ गावांतून मोडली आहे. पण आमच्या कल्पनेतला वाघ हा असा दारात येऊन पाणी घेणारा, अर्धा मनुष्य आणि अर्धा देव होता, हे मात्र मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्याचा उपयोग पुढे होईल.

अहमदपूर, लोहा करीत नांदेड गाठले. गोदावरी ओलांडून भोकर मागे टाकले, की हिमायतनगरच्या पुढे जमिनीचा पोतच पालटू लागतो. काळ्या सपाट रानाला उंचवटे फुटतात, तुरीच्या वाळल्या फणकटांच्या जागी पळस आणि धावडा दिसू लागतो, आणि इस्लापूरजवळ सहस्रकुंडाच्या खडकांपाशी पोहोचेतो आपण मराठवाड्यात आहोत याचा विसर पडतो. किनवट तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. सन १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. त्यामुळे मराठवाड्याच्या पदरात एकच खरे मोठे जंगल पडले, आणि त्या जंगलाबरोबर गोंड, कोलाम, परधान, आंध ही माणसेही आली. दिवाळीच्या दिवसांत इकडच्या गोंडी पाड्यांवरून दंडारीचे ढोल वाजतात आणि मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेले घुसाडी नाचत एका गावाहून दुसऱ्या गावी जातात.

पैनगंगा ही या भागातील फार जुनी सरहद्द आहे. एके काळी नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड होता. आज अलीकडे नांदेड आणि पलीकडे यवतमाळ, म्हणजे अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे विदर्भ. परंतु पैनगंगा अभयारण्य मात्र या नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटर, म्हणजे टिपेश्वरच्या दुपटीहून अधिक. असे असता टिपेश्वरचे नाव देशभर गाजते आणि पैनगंगेचे नाव नांदेडच्याही पुष्कळांना ठाऊक नाही. कारण उघड आहे. सागाची झाडे उभी आहेत, मोह आहे, तेंदू आहे. पण वाघाला झाडे खावयाची नसतात. त्याला चितळ हवे, रोही हवी, रानडुक्कर हवे, आणि या सर्वांना गवत हवे. गावांची गुरे ज्या रानात चरतात, वैशाखात जेथे आगी लागतात, तेथे चितळांचे कळप वाढत नाहीत, आणि कळप नाहीत तेथे वाघ दोन दिवस थांबून पुढे निघतो. मला त्या रानात वाघाने झाडाच्या सालीवर काढलेले ओरखडे दाखविण्यात आले. ते जुने होते, आणि त्यांच्यावर नवी साल धरू लागली होती.

त्याच फेरीत एका लहानशा वनचौकीत तरुण वनरक्षकाने कोपऱ्यातल्या गोणपाटाखालून एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. दुचाकीच्या क्लचची ती तार होती, सुमारे तीन हात लांब. तिच्या एका टोकाला घट्ट पीळ देऊन करंगळी जाईल एवढा डोळा केला होता आणि दुसरे टोक त्या डोळ्यातून ओवून त्याचा सरफास केलेला होता. मी फासात माझे मनगट घातले आणि त्याने तार हलकेच ओढली. ओढताना ती सहज सरकली. सैल करावयास गेलो तेव्हा पिळाचे पेड डोळ्याच्या कडेला अडले आणि फास तसाच राहिला. तारेच्या मधोमध चार-सहा राठ, करडे केस चिकटले होते.

“रानडुकराचे हायत, सर,” तो म्हणाला. “पण तार काय वळखती का, कोण आलंय म्हणून?”

वाघासाठी फास लावणारे थोडे. रानडुकरासाठी किंवा भेकरासाठी फास लावणारे पुष्कळ, आणि वाघ त्याच पायवाटेने जातो. सन २०२५ च्या आरंभी टिपेश्वरमध्ये गळ्यात असाच तारेचा फास रुतलेली एक वाघीण हिंडताना दिसत होती. त्याआधी, सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात, याच यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या जंगलात गुहेच्या तोंडाशी आग लावून एका गाभण वाघिणीला ठार मारण्यात आले होते. या गोष्टी लिहिताना मला संताप आवरत नाही. ज्या मनगटाभोवती तो फास एकदा आवळला गेला, त्या मनगटाला त्याची आठवण पुढे कित्येक दिवस राहिली.

किनवटहून नदी ओलांडून मी पांढरकवड्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुन्ना येथील प्रवेशद्वाराशी उभा राहिलो. टिपेश्वरचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. आतल्या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या जुन्या शेतांवर गवत उगवले, त्या गवतावर चितळ-रोही वाढल्या आणि त्यांच्यापाठोपाठ वाघ वाढले. वाघ वाढविण्याची विद्या म्हणतात ती मुळात एवढीच आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे त्यासाठी सोडली, त्यांचे ऋण या यशाच्या जमाखर्चात पहिल्या ओळीवर लिहिले पाहिजे, आणि ते क्वचितच लिहिले जाते.

जिप्सी चालली होती. वाटाड्या हा त्याच भागातला पोरगा. त्याची नजर रस्त्याच्या कडेच्या धुळीवरून हटत नव्हती. एका वळणावर त्याने हात वर केला. धुळीत पंजाचा ठसा उमटला होता: मागची गादी माझ्या तळहाताएवढी, पुढे चार बोटे, नखांचा मागमूस नाही. ठशाच्या एका काठावरून लाव्ह्याची इवलीशी पावले आरपार गेली होती, आणि गादीच्या खोलगट भागात मुंग्यांनी गवताच्या बियांची रांग लावली होती. “लाव्हा वरून गेला, म्हंजे हे रात्रीचं,” असे म्हणून त्याने गाडी पुढच्या पाणवठ्याकडे घेण्यास सांगितले.

पाणवठ्यावर वाघीण होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ती काठावर उभी होती. मग तिने आमच्याकडे तोंड ठेवूनच, पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकीत पाण्यात उतरावयास प्रारंभ केला. प्रथम शेपूट, मग मागचे पाय, मग पोट पाण्यात गेले, आणि अखेरीस केवळ खांदे व मस्तक वर ठेवून ती स्थिर बसली. कानांच्या मागचे पांढरे ठिपके मी तिने मान वळविली तेव्हाच पाहिले. माझा हात गाडीच्या दांडीवर नकळत सरकला असावा.

“काका, हालू नका. ते आपल्याकडंच पाहून राह्यली,” वाटाड्या कुजबुजला.

तिने पाहिले आणि दृष्टी काढून घेतली. त्या दृष्टीत राग नव्हता, भय नव्हते, कुतूहलही नव्हते. उन्हाने तापलेल्या एका जीवाला पाणी मिळाले होते, आणि त्या समाधानात आमची गणना एखाद्या वारुळाइतकीही नव्हती. दारात येऊन घागरभर पाणी घेणारा मोहरमचा वाघ मला त्या क्षणी आठवला, हे सांगितले पाहिजे.

आता या यशातूनच उद्भवलेल्या अडचणीकडे वळतो. सन १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. पुढे शिकारी टोळ्यांनी वाघांचा फडशा पाडला, आणि २००६ च्या गणनेत देशात १४११ आणि महाराष्ट्रात १०३ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेत तोच आकडा देशासाठी ३६८२ आणि महाराष्ट्रासाठी ४४४ झाला. राज्यात आज सहा व्याघ्र प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मराठवाड्यात एकही नाही. टिपेश्वर हे सुद्धा व्याघ्र प्रकल्प नसून साधे अभयारण्य आहे. प्रौढ नराला मध्य भारतात पन्नास-शंभर चौरस किलोमीटरचा मुलूख आपल्या नावावर हवा असतो, आणि बछडी दोन-अडीच वर्षांची झाली की आई त्यांना दूर करते. दीडशे चौरस किलोमीटरच्या आत किती जहागिरी बसणार? ज्याला बापाच्या वा भावाच्या मुलखात जागा नाही, तो तरुण वाघ मग चालू लागतो.

असा एक वाघ सबंध जगाला ठाऊक झाला. टिपेश्वरच्या टी-१ या वाघिणीचा तो पहिला बछडा. सन २०१९ च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा बांधला, म्हणून त्याच्या वाटेची नोंद राहिली. जूनमध्ये तो निघाला. पैनगंगेच्या खोऱ्यातून, आदिलाबादच्या बाजूने, नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांच्या शिवारांतून फिरत फिरत डिसेंबरच्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत १३०० किलोमीटर झाले होते, आणि पुढे नऊ महिन्यांचा हिशेब तीन हजार किलोमीटरांवर गेला. दिवसा तो कपाशीत, ओढ्याच्या झुडपांत पडून राही आणि रात्री चाले. शेकडो गावांच्या शिवेवरून गेलेल्या या वाघाच्या हातून एकच मनुष्य जखमी झाला, तोही हिंगोलीकडे, तो विसावला होता त्या झाडोऱ्यात माणसांचा जमाव शिरला तेव्हा. त्याला ज्ञानगंगेत मादी मिळाली नाही. एवढे चालून ज्यासाठी निघाला तेच हाती लागले नाही, याचे दुःख मला आजही वाटते.

त्यानंतर २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळकडून आलेला एक वाघ तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या गौताळा अभयारण्यात छायाचित्रात सापडला; त्या डोंगरांत अनेक दशकांत वाघ दिसला नव्हता. आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये आमच्या लातूरच्या अगदी उंबऱ्याशी, धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात, कॅमेऱ्यासमोरून एक तरुण नर निघून गेला. अंगावरच्या पट्ट्यांच्या जुळणीवरून तो टिपेश्वरचा ठरला. म्हणजे त्याने सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर अंतर तोडले होते, आणि त्यातली बहुतेक वाट मराठवाड्याची होती.

येडशीचे अभयारण्य सुमारे बावीस चौरस किलोमीटरचे. एका वाघाच्या एका रात्रीच्या फेरीला ते पुरते, संसाराला पुरत नाही. टिपेश्वरहून परतल्यावर मी तेथेही गेलो. रामलिंगाच्या देवळाच्या ओढ्यात पाण्याचे डबके होते आणि माकडे वडाच्या पारंब्यांवर होती. गुरे हाकीत निघालेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मालक, आमी अंधार पडायच्या आत गुरं दावणीला बांधतो आता. आधी ह्या वाटंनं रातच्याला बी येत व्हतो.” त्याच्या स्वरात भीती होती. बार्शीकडच्या आणि येडशीकडच्या गावांत वासरे, गाई मारल्या गेल्या होत्या. वाघाला पकडून सह्याद्रीच्या प्रकल्पात नेण्यासाठी चंद्रपूरकडून पथक आले, आठवड्यांमागून आठवडे शोध चालला, आणि वाघ हाती लागला नाही.

नकाशा पसरून पाहिला, तर माहूरच्या रेणुकेपासून तुळजापूरच्या भवानीपर्यंत जी रेषा निघते, तिच्याच अंगाने हा वाघ आला असला पाहिजे. साडेतीन पीठांपैकी दोन पीठे या वाटेच्या दोन टोकांना आहेत. त्याच दिशेने आता नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे. आठशेहून अधिक किलोमीटरांचा हा रस्ता यवतमाळ, नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांतून जावयाचा आहे. नागपूर-जबलपूर मार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून खालून जनावरांसाठी वाटा ठेवल्या, आणि त्यांखालून वाघ जातात, हे सप्रमाण सिद्ध झाले आहे. देवीच्या नावाने रस्ता बांधावयाचा आणि देवीच्या वाहनाला त्यावर चिरडावयाचे, हे आपल्याला शोभणार नाही. जेथे जेथे हा रस्ता ओढा, नदी किंवा डोंगराची सोंड ओलांडील, तेथे तेथे वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाट आराखड्यातच असली पाहिजे; नंतर फोडून करावयाची म्हटली, की ती कधीच होत नाही.

माझे मत मी स्पष्ट मांडतो. येडशीला आलेला वाघ परत नेऊन भरलेल्या जंगलात सोडणे हा उपाय नव्हे. तेथे जागा नाही म्हणूनच तो निघाला होता. खरा उपाय पैनगंगेच्या काठावर आहे. सव्वातीनशे चौरस किलोमीटरांच्या त्या अभयारण्याचा एक भाग मराठवाड्याच्या हद्दीत असताना, त्यात गवत राखले, फास उचलले, वणवे आवरले, आणि काठच्या कोलाम-गोंड गावांना चराईच्या बदल्यात चारा व रोजगार दिला, तर टिपेश्वर, पैनगंगा आणि तेलंगणातील कवल व्याघ्र प्रकल्प ही सलग साखळी उभी राहील. त्यासाठी नांदेडच्या लोकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे अर्ज केले पाहिजेत. गोदावरीच्या पाण्यासाठी आपण मोर्चे काढतो. पैनगंगेच्या रानासाठीही एकदा काढावा.

आणि शेतकऱ्याशी बोलल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. ज्याच्या दावणीची गाय मेली त्याला वाघाचे कौतुक सांगणे निर्दयपणाचे आहे. त्याला त्याचा हक्क ठाऊक असावा: जनावर मारले गेल्यास अठ्ठेचाळीस तासांत वनखात्यास वर्दी द्यावी, मृत जनावर जागेवरून हलवू नये, पंचनामा करून घ्यावा, गाय, म्हैस वा बैलासाठी बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के किंवा सत्तर हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम शासनाने ठरविली आहे. रानडुकरांचा उपद्रव खरा आहे आणि रात्र रात्र जागल करणाऱ्याचे हालही खरे आहेत. परंतु खांबावरून उघडी वीज ओढून बांधावर सोडू नये. त्या तारेने रानडुक्कर मरते, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी धरावयास गेलेला आपला सख्खा भाऊही मरतो. सौरऊर्जेवरचे झटका यंत्र बसवावे. त्याने जनावर पळते, मरत नाही.

उद्या आपल्या शिवारात, ऊस पाजताना किंवा तुरीच्या काठाने जाताना, ओल्या मातीत तळहाताएवढी गादी आणि चार बोटांचा ठसा दिसला, तर गावात आरोळी उठवून काठ्या घेऊन मागे धावू नका. ठशावर पाटी किंवा घमेले पालथे घाला, पोरांना घरी पाठवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक निःशुल्क आहे.